डावा गुडघा

माझ्याकडे येणारा दर दुसरा माणूस खुर्चीत नीट बसायच्या आत सांगतो, "ताई, गुडघ्यातलं ग्रीस संपलंय." हे ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. अहो, गुडघा म्हणजे काय ट्रॅक्टर आहे का ग्रीस संपायला? पण समोरचा बिचारा दुखण्याने बेजार असतो, म्हणून मी राग गिळते आणि टेबलावरचा प्लास्टिकचा गुडघा पुढे ओढते. हे मांडीचं हाड, हे नडगीचं, ही पुढे वाटी. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत पांढरी कूर्चा असते, ओल्या खोबऱ्याच्या थरासारखी. तिच्यात ना रक्तवाहिनी, ना मज्जातंतू. म्हणून ती झिजायला लागते तेव्हा कळत नाही, आणि कळतं तेव्हा ती पुन्हा भरून येण्याची आशा फारशी नसते. हाडाला हाडाशी बांधणारे पट्टे वेगळे, ते अस्थिबंध. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या वेगळ्या, त्या कंडरा. वंगण असतं, नाही असं नाही, पण ते डब्यात भरलेलं नसतं. सांध्याचं आतलं अस्तर ते तयार करत राहतं, आणि सांधा हलवला तर ते सगळीकडे पोचतं. एवढं सगळं ऐकून घेऊन माणूस मान डोलावतो आणि विचारतो, "मग ग्रीसचं इंजेक्शन कधी देता?"

पंचवीस वर्षं नाशकात फिजिओथेरपी करते आहे. निफाडकडच्या द्राक्षबागांतल्या बाया खांदे घेऊन येतात, कारण घड विरळायचे तर दिवसभर हात डोक्याच्या वर. "लय ठणकतं ताई, येणी बी घालता येत नाय," म्हणतात. सटाण्याकडचे कांद्याच्या गोण्या उचलणारे कंबर घेऊन येतात. देवळाली कॅम्पातले रिटायर्ड सुभेदार येतात ते ताठ चालत येतात आणि दोन्ही गुडघे वाजत असतात. सांधा हातात घेऊन हलवला की माणूस काय काम करतो ते मी सांगू शकते, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना छाती फुगवून सांगायचे. माझ्या बापाचा गुडघा मात्र मला कितीतरी वर्षं कळला नव्हता.

माझे बाबा गंगेवर क्रियाकर्म सांगायचे. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. लांबलांबून लोक अस्थी घेऊन यायचे, कलश नाहीतर लाल फडक्यात बांधलेलं गाठोडं, आणि बाबा घाटावर बसून त्यांच्याकडून विधी करून घ्यायचे. म्हणजे आमच्या घरात दोघांचं पोट हाडांवर. बाबांकडे माणूस संपल्यावर हाडं यायची, माझ्याकडे त्याच्या थोडी आधी. ही थट्टा आईची होती. ती असल्या थट्टा कणीक मळता मळता करायची आणि स्वतः हसायची नाही.

जळलेलं हाड हलकं का लागतं, हे बाबांनी मला लहानपणी विचारलं होतं, आणि मला उत्तर आलं नव्हतं. ते मिळालं नववीत. आमच्या बाईंनी सांगितलं, कोंबडीचं हाड व्हिनेगरमध्ये आठवडाभर ठेवा आणि काय होतं ते बघा. आता आमच्या घरात लसूणसुद्धा चातुर्मासात येत नसे, तिथे कोंबडी कुठून आणणार! देवळाली कॅम्पातल्या मैत्रिणीच्या घरी प्रयोग केला. आठवड्याने हाड रबरासारखं वाकलं. चुना विरघळून गेला होता आणि आतला चिवट धागा तेवढा राहिला होता. आगीत बरोबर उलटं होतं. धागा जळून जातो आणि चुना राहतो, म्हणून अस्थी हलक्या असतात आणि बोटाने दाबल्या तर चुरा होतो. मी हे घरी येऊन घडाघडा सांगितलं तेव्हा बाबांनी फक्त विचारलं, "हाड कुणाचं होतं?" आईने पटकन सांगितलं, "पुस्तकातलं."

तर बाबांचा गुडघा. साठीच्या आसपास त्यांना जिना उतरताना त्रास व्हायला लागला. मी एक्स-रे काढून घेतला. उजवा गुडघा वयाच्या मानाने बरा होता आणि डावा पार गेलेला. दोन हाडांमध्ये जी फट दिसायला हवी, ती जवळजवळ नव्हतीच. मला काही उमजेना. चालताना दोन्ही पायांवर सारखा भार टाकणारा माणूस, मग एकच बाजू एवढी का खचावी? मी सरळ आरोप केला, "तुम्ही घाटाच्या पायरीवरून पडलात आणि माझ्यापासून लपवलंत." बाबा म्हणाले नाही. मी म्हटलं खोटं बोलू नका. शेवटी आई वैतागली. "इतकी शिकलीस ना, मग एक दिवस तिथे जाऊन बस की. इथे बसून काय वकिली करतेस?"

गेले. रविवार होता, घाटावर चहावाल्याशेजारच्या पायरीवर बसले आणि तासाभरात कपाळावर हात मारून घेतला.

देवाचं कार्य असलं की उजवा गुडघा जमिनीला टेकवायचा, आणि पितरांचं असलं की डावा. हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण माहीत असणं आणि डोक्यात शिरणं वेगळं. बाबांचं सगळं काम पितरांचं. यजमान समोर बसलेला असायचा, कुणी पुण्याचा, कुणी इंदूरचा, घरात माणूस गेल्यामुळे भांबावलेला. बाबा म्हणायचे, "डावा गुडघा टेका." तो उजवा टेकायचा. "डावा." तो दोन्ही टेकायचा. मग बाबा उठायचे, त्याच्या शेजारी जायचे आणि स्वतःचा डावा गुडघा धाडकन दगडावर टेकवून दाखवायचे. "हा. असा. पूर्ण टेका, मध्ये अंतर ठेवू नका." पुढचा यजमान, पुन्हा तेच. चाळीस वर्षं, दगडावर, पुन्हा पुन्हा. मी घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करत होती, त्यांच्या गुडघ्याला बांधायला. म्हणाली, "पितर लोकांचे आणि गुडघा आमचा. मला तर लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच कळलं होतं."

मी स्पंजची गादी आणून दिली. त्यांनी ती सोफ्यावर ठेवली. मी म्हटलं, तोंडाने सांगा ना नुसतं, दाखवायची काय गरज आहे? तर म्हणाले, "अगं, ज्याचा बाप गेलाय त्याला डावं-उजवं कसं कळेल?"  मी हरले.

गेल्याच्या गेल्या थंडीत आई गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करायला मी बाबांबरोबर गेले. मी एकुलती एक, दुसरं कोण जाणार? राखेवर पाणी शिंपडून ते पायाकडून एकेक तुकडा उचलत होते आणि माझं मेलं डोकं आपोआप चालायला लागलं. हे टाचेचं. हा मणक्याचा अर्धा भाग. हा खुब्याचा गोळा. बाबांनी माझ्याकडे न बघताच ओळखलं. "नावं शोधत बसू नकोस," ते म्हणाले. "कलश धर." मी दोन्ही हातांनी कलश धरला.

दहाव्याचे, बाराव्याचे विधी झाले. बाबांनीच केले, मुलगा नव्हता म्हणून नवऱ्याने करायचे असतात. त्यानंतर मात्र गुडघ्याने उचल खाल्ली. पाला बांधणारं कुणी नव्हतं हेही खरं, पण पाल्याने सांधा काही बदलत नाही. उन्हाळ्यात तो एवढा सुजला की त्यांनी घाटावर जाणं थांबवलं. मी त्यांना ओळखीच्या सर्जनकडे घेऊन गेले. त्यांनी फिल्म बघितली आणि सांगितलं, बदलून टाकू. हाडाची टोकं तासून त्यावर धातू बसवायचा, मध्ये प्लास्टिकची चकती. बाबा अगदी शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "बघितलेत मी. आजकाल अस्थीतून निघतात ते. पाण्यात विरघळत नाहीत, बाजूला काढून ठेवावे लागतात." सर्जन खो खो हसले. मग बाबांनी विचारलं, "वर्षश्राद्धाला हा गुडघा जमिनीला टेकता येईल?"

"काका, टेकायचा कशाला? खुर्चीवर बसून करा. हल्ली सगळे करतात."

"करतात," बाबा म्हणाले, "आणि मी त्यांना ओरडतो." आणि काठी घेऊन उठले.

त्यांचं म्हणणं होतं, ऑपरेशन आईच्या वर्षश्राद्धानंतर. माझं म्हणणं, आत्ता. सहा-सात महिने आहेत, तोवर तुम्ही नव्या गुडघ्याने चालायला लागाल, खुर्चीवर बसा आणि आईचं नीट करा. ते नाही म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा नाही म्हणाले. माझा आवाज चढला. दिवसभर पेशंटशी गोड बोलून बोलून माझ्यातलं गोड संध्याकाळपर्यंत संपलेलं असतं, आणि उरलेलं घरच्यांच्या वाट्याला येतं. मी म्हटलं, "आई काय बघायला येणारे का, तुम्ही गुडघा टेकलात की नाही ते?"

बाबांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. मी तणतणत घरी गेले. माझं घर दोन गल्ल्या सोडून आहे, पण दोन दिवस मी तिकडे फिरकले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेले तर ते जमिनीवर नाही, पलंगावर बसून वाती वळत होते. ते आईचं काम. वाती सगळ्या वाकड्यातिकड्या झाल्या होत्या. मी चहा ठेवायला आत वळले आणि मागून ते म्हणाले, "दहाव्याला मी टेकला नव्हता."

"काय?"

"गुडघा. वीतभर वर धरला होता. खाली जाईचना. धोतराच्या सोग्यामुळे कुणाला दिसलं नाही." ते कापसाकडे बघून बोलत होते. "आयुष्यभर लोकांना दटावलं, पूर्ण टेका, अंतर ठेवू नका. परक्यांच्या आयांसाठी टेकला, बापांसाठी टेकला. आणि तुझ्या आईच्या वेळी चोरी केली."

मला स्वतःची इतकी लाज वाटली की काय सांगू. जे बोलायला नको होतं तेच मी नेमकं बोलून बसले होते. मी सॉरी म्हटलं. आमच्या घरात सॉरी म्हणायची पद्धत नाही, त्यामुळे तो शब्द तोंडातून फार विचित्र निघाला. बाबांनी कापसाचं पुडकं माझ्याकडे सरकवलं आणि आम्ही दोघांनी मिळून राहिलेल्या वाती वळल्या. माझ्याही वाकड्याच झाल्या.

त्यानंतर मी ऑपरेशनचं नाव काढलं नाही. वर्षश्राद्धाला एकदा, फक्त एकदा, तो गुडघा जमिनीला टेकला पाहिजे, एवढंच डोक्यात ठेवलं आणि कामाला लागले. गेलेली कूर्चा मी परत आणू शकत नव्हते. पण सांध्याभोवतीचे स्नायू बळकट करता येतात, आखडलेल्या कंडरा ताणता येतात, सूज उतरवता येते. रोज सकाळी क्लिनिकच्या आधी तासभर. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि मांडी आवळून ती दाबायची. मी म्हटलं वीस वेळा. ते म्हणाले, "वीस कशाला? संध्येतली चोवीस नावं आहेत." आणि केशवाय नमः म्हणून टॉवेल दाबला, सोडला, नारायणाय नमः म्हणून पुन्हा दाबला. शेवटच्या श्रीकृष्णाला जरा जास्त वेळ धरून ठेवायचे. एकदा मी म्हटलं, "बाबा, टॉवेल दाबायला देवाचं नाव चालतं का?" तर म्हणाले, "तुझ्या आकड्यांपेक्षा बरं. आकडे मोजताना मला दुखतं."

मग पावसाळ्यानंतर टेकण्याचा सराव सुरू केला. उजवा पाय उभा, एक हात पलंगाच्या कडेला, डावा गुडघा खाली. खाली मी आईच्या गोधड्यांच्या घड्या रचल्या होत्या. आठवड्याला एक घडी कमी करायची. सहा घड्या, पाच, चार. दिवाळीत ते तीन घड्यांवर टेकले तेव्हा मी त्यांना करंजी भरवली आणि ते म्हणाले, "मी काय सर्कशीतला हत्ती आहे?" पण खूश होते. मग एका घडीवर येऊन गाडं अडलं. जमिनीपासून चार बोटं. तिथे हाड हाडाला भिडत होतं आणि पुढे मी काहीही केलं तरी सांधा जाईना. नाशिकची थंडी पडली तसा तो आणखी आखडला. आदल्या दिवशीसुद्धा चार बोटंच होती. मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "आमसुलं भिजत घातलीस का चटणीला?"

श्राद्ध घरीच होतं. विधी सांगायला बाबांचे चुलतभाऊ आले होते, माझे काका, तेही गंगेवरचेच. मी पहाटे उठून खीर, वडे, भाजी सगळं केलं. घरात तेच वास होते जे आई असताना श्राद्धाच्या दिवशी असायचे, त्यामुळे मी स्वयंपाकघरातून तिला दोनदा हाक मारता मारता थांबले.

पिंड द्यायची वेळ आली. दर्भ पसरले होते. बाबांनी जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, पिंड हातात घेतला आणि पाटावरून उठून डावा गुडघा खाली न्यायला लागले. काकांचे मंत्र चालू होते. गुडघा खाली आला, आणखी आला, आणि जिथे अडायचा तिथेच अडला. बाबांचा उजवा पाय लटपटत होता. कपाळावर घाम. थंडीत.

काका थांबले. हळूच म्हणाले, "दादा, राहू दे रे. भाव महत्त्वाचा. एवढं कुणी बघत नाही."

बाबांनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

"दाब," ते म्हणाले.

आता हे मी कुणाला सांगायचं? ज्या गुडघ्यांवर भार देऊ नका, जमिनीवर टेकू नका म्हणून मी पंचवीस वर्षं लोकांशी भांडले, त्यातला सगळ्यात वाईट गुडघा माझ्यासमोर होता. आत काय आहे ते मला माहीत होतं. उघडी हाडं, सुजलेलं अस्तर. दाबला तर हा माणूस आठ दिवस उठणार नाही, हेही माहीत होतं. कुठल्याही पेशंटला मी सरळ नाही म्हटलं असतं. मी पदर खोचला, त्यांच्या मागे जाऊन बसले आणि एक हात मांडीवर, एक हात घोट्यापाशी ठेवला.

"श्वास सोडा, बाबा."

त्यांनी श्वास सोडला आणि मी दाबलं. आत करकर झाली ती माझ्या तळव्याला कळली. त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, तसा मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी सोडलं नाही. मीही रडत होते बहुतेक, पण सोडलं नाही.

"टेकला?"

मी धोतराच्या खाली बोटं सरकवून बघायला गेले. बोटं आत जाईनात.

"टेकला."

"पूर्ण?"

"पूर्ण, बाबा. अंतर नाही."

काकांनी भराभर मंत्र म्हणायला सुरुवात केली. त्यांना वाटलं, लवकर आटपलं तर दादा सुटेल. बाबांनी पिंडाचा हात वर करून त्यांना थांबवलं. चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज घाटावरच्यासारखा होता, दटावणीचा.

"सावकाश म्हण," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

काकांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

सगळं झाल्यावर त्यांना उठता येईना. काकांनी आणि मी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना खुर्चीवर बसवलं. गुडघा माझ्या डोळ्यांदेखत सुजत होता. मी बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून त्यावर दाबून धरली. वरून त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला.

"तुझ्या डॉक्टरला फोन लाव," ते म्हणाले. "म्हणावं, आता काय कापायचं ते काप."